एका ‘ई’चा घोटाळा आणि अर्धवट राहिलेला नकार

प्रश्न थोडक्यात: परभणी जिल्ह्यातील एका खेड्यात वाढलेल्या, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या आणि कृषी पदवीनंतर जालन्यातील एका खासगी बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. बढती देऊन त्यांना हैदराबादच्या कार्यालयात पाठवण्याचा प्रस्ताव वरिष्ठांनी मेलवर मांडला. आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया व्हायची आहे आणि धाकटा भाऊ बारावीला आहे, त्यामुळे त्यांना एवढ्यात जायचे नाही. सरळ नकार उद्धटपणाचा वाटेल म्हणून त्यांनी पाच परिच्छेदांचे उत्तर लिहिले आणि त्यात ‘अनिच्छुक’ या अर्थाचा, स्पर्धा परीक्षेच्या शब्दयादीतून पाठ केलेला एक भारदस्त इंग्रजी शब्द वापरला. त्याच्या स्पेलिंगमध्ये शेवटी एक ‘ई’ जास्तीचा पडला. वरिष्ठांचे एका ओळीचे उत्तर आले, ‘आमच्या शहराचा तुम्हाला एवढा तिटकारा आहे, याची कल्पना नव्हती.’ या मेलच्या प्रती हैदराबादच्या सहकाऱ्यांनाही गेल्या होत्या. आता त्या विचारतात की माफीनामा लिहावा का, यापुढे इंग्रजीत लिहिणेच सोडावे का, की गैरसमज पुसून टाकण्यासाठी बदली मुकाट्याने स्वीकारावी. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिले आहे, ‘मराठवाड्यात शिकलेल्यांचे इंग्रजी कच्चे ते कच्चेच. खरे सांगायचे तर तिथे दिवसभर इंग्रजीत बोलावे लागेल, याचीच जास्त धास्ती वाटते.’

उत्तर:

नमस्कार. तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरे आधीच देऊन टाकतो, म्हणजे पुढचे तुम्हाला निवांतपणे वाचता येईल. माफीनामा लिहू नका, दुरुस्तीची एक ओळ पुरेशी आहे. इंग्रजीत लिहिणे सोडू नका. आणि एका स्पेलिंगची लाज वाटते म्हणून बदली स्वीकारू नका. स्वीकारायची असेल तर ती बढतीसाठी, पगारासाठी किंवा कामाच्या ओढीने स्वीकारा. मात्र पत्रासोबत तुम्ही पाठवलेली मेलची प्रत मी दोनदा वाचली आणि माझे मत असे झाले की त्या मेलची खरी अडचण तो ‘ई’ नाहीच. त्याकडे मी नंतर येतो. आधी तो शब्द नीट पाहू, कारण तुमच्यासारखे अनेक वाचक याच शब्दाशी अडखळत असणार.

इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिला ‘लोथ’, म्हणजे एल-ओ-ए-टी-एच. हे विशेषण आहे. एखादी गोष्ट करायला मन तयार नसणे, ती करणे जिवावर येणे, हा त्याचा अर्थ. दुसरा ‘लोद’, म्हणजे त्याच अक्षरांच्या शेवटी ई. हे क्रियापद आहे आणि त्याचा अर्थ तिटकारा करणे, मनापासून घृणा वाटणे असा होतो. उच्चारातही फरक आहे. पहिल्याच्या शेवटी ‘थिन’मधला ‘थ’ येतो, दुसऱ्याच्या शेवटी ‘द फादर’मधला ‘द’. इंग्रजीत अशा जोड्या आणखी आहेत आणि त्या तुम्हाला ठाऊकही आहेत. श्वास हे नाम ‘ब्रेथ’, श्वास घेणे हे क्रियापद ‘ब्रीद’. आंघोळ ‘बाथ’, आंघोळ करणे ‘बेद’. दर वेळी शेवटी ई लागला की नाम क्रियापद बनते आणि ‘थ’ मऊ होऊन ‘द’ होतो. आपली जोडी याच घराण्यातली आहे, फक्त इथे पहिला शब्द नाम नसून विशेषण आहे.

वाक्यातली जागाही या दोघांना वेगळी लागते आणि लिहिताना गोंधळ टाळण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय तोच आहे. विशेषण ‘अ‍ॅम’, ‘इज’, ‘वॉज’ यांच्यानंतर येते आणि त्याच्यापुढे ‘टु’ लावून क्रियापद येते, जसे ‘आय अ‍ॅम लोथ टु लीव्ह’. ‘सोडून जायला मन होत नाही’, असा त्याचा भाव. क्रियापदाला मात्र थेट कर्म लागते, जसे ‘आय लोद वेटिंग’, म्हणजे ‘ताटकळत बसण्याचा मला वीट आहे’. म्हणून तुमच्या शब्दाच्या मागे ‘अ‍ॅम’ आणि पुढे ‘टु’ असेल तर ई लिहायचा नाही. या विशेषणाची आणखी एक खोड अशी की ते नामाच्या आधी बसत नाही. ‘अ रिलक्टंट विटनेस’ म्हणजे नाखुशीने साक्ष देणारा साक्षीदार, असे म्हणता येते. ‘अ लोथ विटनेस’ असे कोणी म्हणत नाही. यादीत हे दोन शब्द शेजारीशेजारी ‘समानार्थी’ म्हणून छापलेले असतात, ही गोष्ट मात्र छापलेली नसते.

आता तुमच्या पत्रातले पहिले गृहीतक घेऊ. असली चूक मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाकडूनच होते, असे तुम्ही धरून चालला आहात. वस्तुस्थिती तशी नाही. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे अशा लोकांकडून ही चूक इतक्या वेळा होते की इंग्रजीच्या शुद्धलेखनावरील मार्गदर्शक पुस्तकांत या जोडीला ठरलेली जागा असते. इतकेच नव्हे, तर अमेरिकेतील मेरियम-वेब्स्टर कोशाने विशेषणाचे पर्यायी रूप म्हणून ई असलेले स्पेलिंगही नोंदवून ठेवले आहे आणि ब्रिटनमध्ये ‘ए’ गाळून ‘एल-ओ-टी-एच’ असेही लिहिले जाते. विशेषणाचा उच्चार ‘द’च्या अंगाने करणारे इंग्रजी भाषकही आहेत. तुमचे स्पेलिंग बरोबर होते असा याचा अर्थ नाही. दफ्तरी पत्रात ई नसलेले रूपच लिहावे. पण ज्या ठिकाणी कोशकारांनाही सवलत द्यावी लागली, त्या ठिकाणी ठेच लागली म्हणून आपल्या सगळ्या शिक्षणावर शंका घेण्याचे कारण नाही.

या गोंधळाचे मूळ खूप जुने आहे. दोन्ही शब्द एकाच प्राचीन इंग्रजी धातूपासून आले. त्या काळी विशेषणाचा अर्थ ‘शत्रुत्वाचा, किळसवाणा, द्वेष वाटावा असा’ होता. जर्मनमध्ये ‘मला वाईट वाटते’ या अर्थी ‘एस टूट मिर लाइड’ म्हणतात, त्यातला ‘लाइड’ याच कुळातला. फ्रेंचमधला ‘कुरूप’ अर्थाचा शब्दही जर्मानिक भाषांतून याच वाटेने गेला. पुढे इंग्रजीत क्रियापदाने आपली जुनी धार राखली आणि विशेषण मात्र शतकानुशतके सौम्य होत होत ‘नको वाटणारा’ एवढ्यावर आले. भावंडांपैकी एकाने राग धरून ठेवला आणि दुसऱ्याचा निवळला, एवढेच घडले. शब्दांचे असे होतच असते. आपला ‘राजीनामा’ पाहा. ‘राजी’ म्हणजे संमत आणि ‘नामा’ म्हणजे पत्र, म्हणजे मुळात ते संमतिपत्र. मुंबई इलाख्याच्या जमीनमहसुलात शेतकरी जमीन स्वखुशीने सोडत असल्याचे जे लिहून देई, त्याला राजीनामा म्हणत. आज नोकरी सोडताना कितीही कडवटपणा असला तरी कागदाचे नाव राजीनामाच असते.

तुमच्या मेलमधला दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. हाच शब्द का निवडला? तुम्ही लिहिता की ‘रिलक्टंट’ हा शब्द सर्वांना माहीत असतो, म्हणून त्याहून वजनदार हवा होता. लातूर-नांदेडच्या शिकवण्यांपासून मोबाइलवरच्या चाचण्यांपर्यंत सगळीकडे शब्द पाठ करण्याची पद्धत एकच आहे. एका शब्दासमोर पाच समानार्थी शब्द, दोन विरुद्धार्थी, आणि पुढे चला. चार पर्यायांतून एक निवडण्यापुरती ती पद्धत ठीक आहे. लिहिण्यासाठी ती घातक आहे, कारण नको वाटण्याच्या निरनिराळ्या छटा ती एका ओळीत चिरडून टाकते. या छटा मराठीत आपण रोज, विचारही न करता, अचूक वापरतो.

‘हेझिटंट’ म्हणजे अजून ठरत नाही, कां-कूं चालू आहे. हो म्हणण्याची शक्यता पुरेपूर आहे. ‘रिलक्टंट’मध्ये मन मागे ओढते, पण दार बंद झालेले नसते. त्याचे मूळ लॅटिनमध्ये आहे आणि तिथे त्याचा अर्थ ‘विरोधात झुंजणे, झटापट करणे’ असा होतो. बातम्यांत ‘रिलक्टंटली अ‍ॅग्रीड’ असे पदोपदी येते, म्हणजे आढेवेढे घेत, खळखळ करत का होईना, अखेर होकार दिला. (विद्युत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हाच शब्द वेगळ्या वेषात भेटतो. चुंबकीय परिपथात फ्लक्सला, म्हणजे चुंबकीय प्रवाहाला, होणाऱ्या विरोधाला ब्रिटिश शास्त्रज्ञ ऑलिव्हर हेविसाइड यांनी 1888 मध्ये ‘रिलक्टन्स’ हे नाव दिले. तिथेही विरोध वाढला तर फ्लक्स कमी होतो, अजिबात थांबत नाही. नाव देणाऱ्याला शब्दाची नेमकी छटा कळली होती, असे म्हणावे लागेल.) ‘लोथ’ याच्या पुढची पायरी आहे. तिथे मन धजत नाही, पाय निघत नाही, आपल्याकडच्या बोलीत ‘जायाचं जिवावर यायलंय’ म्हणतात तसे. शिवाय तो शब्द थोडा पुस्तकी आहे. वृत्तपत्रातील अग्रलेखात तो शोभतो, बदलीच्या मेलमध्ये मात्र लग्नाचा शालू नेसून प्रयोगशाळेत आल्यासारखा दिसतो. ‘अनविलिंग’ म्हणजे राजी नाही, तयार नाही. त्यात खळखळ नसते, जवळजवळ नकारच असतो. ‘अव्हर्स’ ही एका प्रसंगापुरती अनिच्छा नसून स्वभावातली नावड असते. म्युच्युअल फंडवाले ज्यांना ‘रिस्क-अव्हर्स’ म्हणतात ते गुंतवणूकदार आठवा. त्याच्याशी दिसायला मिळताजुळता ‘अ‍ॅडव्हर्स’ म्हणजे प्रतिकूल. तो हवामानाला किंवा परिणामाला लावतात, माणसाच्या मनाला नव्हे. ‘ग्रजिंग’मध्ये अनिच्छेबरोबर मनातली अढी असते, मारूनमुटकून केलेल्या स्तुतीसारखी. ‘रेटिसंट’ हा तर मुळात ‘मितभाषी, मनातले चटकन न सांगणारा’ या अर्थाचा. हल्ली त्याच्यापुढेही ‘टु’ लावून तो अनिच्छेसाठी वापरतात, पण काटेकोर संपादक त्यावर लाल रेघ मारतात. तुम्हीही तो टाळावा.

मराठीतला ‘नाइलाजाने’ या रांगेत बसवण्याचा मोह होतो आणि ‘रिलक्टंटली’चे भाषांतर पुष्कळदा तसेच केले जाते. पण नाइलाजात परिस्थितीने हात बांधलेले असतात. नाखुशीत हात मोकळे असतात आणि मन मागे असते. तुमच्या बाबतीत हा फरक केवळ शब्दांचा राहत नाही. आईची शस्त्रक्रिया आहे म्हणून जाता येत नाही, हा नाइलाज झाला. इंग्रजीत बोलण्याची धास्ती वाटते म्हणून जावेसे वाटत नाही, ही नाखुशी झाली. मेलमध्ये तुम्ही यांपैकी काहीच लिहिलेले नाही.

मेलच्या प्रतीबद्दल मला जे म्हणायचे होते ते हेच. पहिल्या परिच्छेदात तुम्ही आभार मानले आहेत, दुसऱ्यात कंपनीने तुमच्यासाठी काय केले ते सांगितले आहे, तिसऱ्यात तो वादग्रस्त शब्द आहे, चौथ्यात ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’ असा मोघम उल्लेख आहे आणि पाचव्यात ‘आपण जो निर्णय घ्याल तो मला मान्य असेल’ असे लिहिले आहे. आता तुमच्या वरिष्ठांच्या खुर्चीत बसून पाहा. ही बाई येणार आहे की नाही? आत्ता नाही म्हणते की कधीच नाही? कशामुळे नाही? ते कारण मार्चनंतर संपणार आहे की कायमचे आहे? एकाही प्रश्नाचे उत्तर त्या पानभर मजकुरात नाही. त्यात नजरेत भरेल असा एकच ठाम शब्द होता, तो नेमका तिटकाऱ्याचा निघाला आणि त्यांनी तेवढाच उचलला. स्पेलिंग अगदी बिनचूक असते, तरीही त्यांना एवढेच कळले असते की तुम्हाला यायला फारसे आवडणार नाही, पण पाठवले तर तुम्ही याल. तुम्हाला हेच सांगायचे होते का?

आपल्याकडे नकार तोंडावर देण्याची पद्धत नाही. ‘बघू’, ‘पाहू कसं जमतंय’, ‘घरी विचारून सांगतो’ ही सगळी नकाराची सभ्य रूपे आहेत आणि ऐकणाराही ती तशीच ऐकतो. सोयरिकीच्या बोलण्यांपासून उसनवारीपर्यंत मराठवाड्यातले कितीतरी व्यवहार या न उच्चारलेल्या ‘नाही’वर सुरळीत चालतात आणि त्यात कोणाचा मान जात नाही. ही रीत वाईट आहे असे मी म्हणणार नाही. पण ती दोन्ही बाजूंना ठाऊक असेल तरच चालते. ‘बघू’चे इंग्रजी ‘आय विल ट्राय’ असे करून परक्या प्रांतातल्या वरिष्ठाला पाठवले तर तो त्याचा अर्थ ‘प्रयत्न करते, म्हणजे येते’ असा घेईल आणि त्यात त्याचा दोष नसेल. उद्धट दिसू नये म्हणून तुम्ही नकार झाकला, पण तो झाकण्याची रीत फक्त तुमच्या बाजूला माहीत होती.

तुमच्या व्यवसायातलेच उदाहरण घ्या. सोयाबीन बियाण्याच्या एखाद्या लॉटची उगवण 70 टक्क्यांच्या किमान प्रमाणापेक्षा कमी भरली, तर अहवालात तुम्ही ‘उगवणीच्या बाबतीत बियाणे काहीसे अनुत्सुक आढळले’ असे लिहाल का? तुम्ही आकडा लिहाल आणि लॉट नापास म्हणाल. त्यात कोणाला उद्धटपणा दिसत नाही. उलट असा स्पष्ट अहवाल मिळतो म्हणून तर पुढचा माणूस निर्णय घेऊ शकतो.

म्हणून पुन्हा मेल लिहिण्याआधी एका कागदावर मराठीत, कोणाला दाखवायचे नाही अशा हिशेबाने, दोन-तीन वाक्ये लिहा. मला हैदराबादला कधीच जायचे नाही, की या वर्षी जायचे नाही? आईची शस्त्रक्रिया होऊन ती हिंडूफिरू लागली आणि भावाची परीक्षा संपली, तर मी जाईन का? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मनातून ‘तरीही नको’ असे येत असेल, तर कुटुंबाचे कारण हे पांघरूण आहे आणि खरी अडचण तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी जी ओळ लिहिली त्या ओळीत आहे. तुम्ही त्या ओळीआधी ‘खरे सांगायचे तर’ असे शब्द घातले आहेत, म्हणून मी तिच्याकडे दुर्लक्ष करत नाही.

त्या धास्तीबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. ‘मराठवाड्यात शिकलेल्यांचे इंग्रजी कच्चे ते कच्चेच’ हे वाक्य मी वेगवेगळ्या तोंडून ऐकले आहे आणि ते नेहमी नशिबाच्या सुरात म्हटले जाते. त्यामागे इतिहास आहे, नशीब नाही. हा भाग 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिथल्या कारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती आणि 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. आपल्या भागासाठी स्वतंत्र मराठवाडा विद्यापीठ निघाले ते 1958 मध्ये, तर मुंबई विद्यापीठ 1857 चे. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतील ज्यांना शाळा मिळाली, त्यांनी घरात मराठी, शाळेत उर्दू आणि पुढे गरजेपुरते इंग्रजी असा तीन भाषांचा संसार केला. त्यांना कोणी भाषेत कच्चे म्हटले नसते. त्याच काळाने आपल्या रोजच्या बोलण्यात राजी, नाराज, नाखूष, मर्जी, कबूल, मंजूर, नामंजूर असे शब्द रुजवले, किंवा आधीपासून होते ते पक्के केले. संमती आणि असंमतीच्या छटांसाठी तुमच्याजवळ एवढी सामग्री असताना इंग्रजीतल्या एका जोडीने तुम्ही हिरमुसून जावे, हे मला पटत नाही.

आणि हैदराबाद तर तुमच्यासाठी परके शहरच नव्हे. 1956 मध्ये राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत मराठवाड्याची राजधानी तेच होते. जालन्यातून तिकडे थेट रेल्वे आहे. दफ्तरातली मेल आणि अहवाल इंग्रजीत असतील, सादरीकरणही असेल. पण चहाच्या टपरीवर, शेतावर, बियाणे उत्पादक शेतकऱ्यांशी आणि बऱ्याच सहकाऱ्यांशी दिवसभर इंग्रजी चालत असेल ही तुमची कल्पना एकदा तपासून पाहा. तिथे तेलुगू ऐकू येईल आणि दखनी हिंदी ऐकू येईल. त्या दखनीत नकारासाठी सगळ्यांत जास्त चालणारा शब्द आहे ‘नक्को’, आणि तो आपल्या ‘नको’वरून गेलेला आहे. अनिच्छा दाखवायला हैदराबादच्या माणसाने शब्द घेतला तो मराठीकडून, हे तुमच्या वरिष्ठांनाही कदाचित आवडेल. त्यांच्या त्या एका ओळीच्या उत्तराबद्दलही माझा अंदाज थोडा वेगळा आहे. ज्याला खरोखर राग येतो तो अशा वेळी सहसा काही लिहीत नाही, थेट मनुष्यबळ विभागाला कळवतो. त्यांनी लिहिले ते चेष्टेत असण्याची शक्यता मला अधिक वाटते. अर्थात मी त्यांना ओळखत नाही आणि तुम्ही ओळखता.

आता प्रत्यक्षात काय करायचे ते. आधी फोन करा, आणि ज्या भाषेत तुम्ही त्यांच्याशी एरवी बोलता त्याच भाषेत करा. फोनवर फक्त एवढे सांगा की शब्दाचे स्पेलिंग चुकले, शहराबद्दल किंवा तिथल्या माणसांबद्दल मनात काही नाही, आणि सविस्तर उत्तर मेलवर पाठवते. फोन दोन मिनिटांत संपवा. लांबवला की तुम्ही पुन्हा आभार आणि क्षमायाचनेकडे वळाल. त्याच दिवशी मेल पाठवा आणि पहिल्या मेलच्या प्रती ज्यांना गेल्या होत्या त्या सर्वांना ती जाईल असे पाहा, कारण गैरसमज त्यांच्यापर्यंतही पोहोचलेला आहे.

मेलची पहिली ओळ दुरुस्तीची असावी आणि ती एकच असावी. ‘इन माय अर्लिअर मेल आय मेन्ट दॅट आय अ‍ॅम रिलक्टंट टु मूव्ह जस्ट नाऊ, द वर्ड आय युज्ड वॉज अ स्पेलिंग मिस्टेक.’ इथे मुद्दाम साधा ‘रिलक्टंट’ घातला आहे, दुरुस्ती करताना पुन्हा त्याच अवघड शब्दाशी कुस्ती कशाला? ‘सॉरी’ एकदा लिहिले तरी चालेल, ‘एक्स्ट्रीमली’ आणि ‘सिन्सिअरली’ जोडून तीनदा लिहू नका. मोठा माफीनामा वाचला की लोकांना चूक मोठी वाटू लागते.

त्यानंतर तुमचा निर्णय, आणि तो कोणता ते मी ठरवू शकत नाही. कागदावर ‘या वर्षी नको’ आले असेल तर असे लिहा, ‘आय कॅनॉट मूव्ह बिफोर एप्रिल, बिकॉज माय मदर हॅज अ सर्जरी अँड माय ब्रदर हॅज हिज बोर्ड एक्झाम्स. आय कॅन जॉइन एनी टाइम आफ्टर दॅट.’ यात नकार आहे, कारण आहे, मुदत आहे आणि पुढची तयारीही आहे. तुमच्या कंपनीत खरीपाच्या बियाण्याची घाई उन्हाळ्यात असते. तेव्हा तारीख ठरवताना त्या धावपळीचा विचार केला आहे हे एका वाक्यात सांगितलेत, तर त्यांना तुमचे उत्तर नुसती अडचण न वाटता नियोजन वाटेल. ‘कधीच नको’ आले असेल तर ‘आय वुड लाइक टु कंटिन्यू इन जालना’ आणि पाठोपाठ ‘प्लीज कन्सिडर समवन एल्स फॉर धिस पोझिशन’ इतके पुरे आहे. बढती हातची जाईल, हे लक्षात ठेवून ते लिहा. आणि दोन्हींपैकी काही लिहिलेत तरी ‘आपला निर्णय मला मान्य असेल’ हे वाक्य गाळा. तेच वाक्य तुमचा सगळा मजकूर पुसून टाकते.

कागदावर धास्तीच उमटली असेल, तर ती मेलमध्ये लिहिण्याची गरज नाही, पण फोनवर विचारण्यासारख्या गोष्टी आहेत. त्या जागेवरच्या माणसाला आठवड्यातून किती बैठका इंग्रजीत घ्याव्या लागतात, अहवालाचे नमुने ठरलेले आहेत का, रुजू होण्याआधी आठ-पंधरा दिवस तिथे जाऊन काम पाहता येईल का? या प्रश्नांची उत्तरे मिळाली की धास्ती किती खरी आहे हे मोजता येईल. त्यानंतरही नको वाटले तर ते नको म्हणणे तुमचे स्वतःचे असेल.

तुमच्यासारख्या इतर वाचकांसाठी शब्दयादीबद्दल एक सूचना करतो. यादीतला नवा शब्द लगेच पत्रात वापरू नका. आधी तो वाचताना भेटू द्या. इंग्रजी वृत्तपत्रात किंवा अहवालात जिथे तो दिसेल ते संपूर्ण वाक्य वहीत उतरवा आणि त्याच्यासमोर मराठी अर्थाऐवजी मराठी वाक्य लिहा. ‘लोथ’समोर ‘अनिच्छुक’ लिहिले तर तो उद्या ‘रिलक्टंट’शी आणि परवा ‘लोद’शी मिसळून जाईल. त्याऐवजी ‘घर सोडून जायाचं जिवावर यायलंय’ असे लिहिले तर तो त्याच्या छटेसकट लक्षात राहील, आणि कोणत्या पत्रात तो शोभणार नाही हेही तेव्हाच कळेल. मोबाइलवरचा स्पेलिंग तपासणारा इथे भरवशाचा नाही, कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही शब्द बरोबर आहेत. मेल पाठवण्याआधी ती कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा आणि ‘यात मी हो म्हटले आहे की नाही?’ एवढाच प्रश्न विचारा. त्या माणसाला इंग्रजी फार येत नसेल तर आणखी चांगले. त्याला उत्तर देता आले नाही, तर मेल पुन्हा लिहायला घ्या.

आईच्या शस्त्रक्रियेची तारीख अजून पक्की झाली नसेल तर आधी ती पक्की करून घ्या. मेलमध्ये ‘एप्रिलपूर्वी नाही’ लिहायचे की ‘जूनपूर्वी नाही’, हे तिच्यावरच अवलंबून आहे. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरात किती आठवडे माणूस लागेल, हेही त्याच वेळी डॉक्टरांना विचारून ठेवा.